ॲडमिशन मिळाली, मार्क घसरले: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनी आणि मुलांनी काय करायचं

मार्चच्या शेवटी आमच्याकडे पेढे वाटून झाले होते. मुलाला हव्या त्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं, मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात चारचौघांनी त्याची पाठ थोपटली होती, आणि विद्यापीठाचं नाव छापलेला टीशर्ट तो रोज रात्री घालून झोपत होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोने सहज जेनेसिस उघडलं. न्यू जर्सीतल्या बऱ्याच शाळांचं हे पालकांसाठीचं पोर्टल, तुमच्याकडे ते पॉवरस्कूल किंवा एरीज असेल. फिजिक्ससमोर ६६. खाली असाइनमेंटच्या यादीत लाल अक्षरांत ‘मिसिंग’, ‘मिसिंग’, ‘मिसिंग’. मी मोजले, अकरा होते.

चिरंजीव सोफ्यावरून म्हणाले, “बाबा, चिल. आय ऑलरेडी गॉट इन.”

या प्रकाराला इथे ‘सिनियरायटिस’ म्हणतात. नाव विनोदी, पण २००० साली सिनियर वर्ष, म्हणजे बारावीचं वर्ष, कसं वाया जातं हे पाहायला केंद्रीय शिक्षण खात्याच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय आयोगसुद्धा बसला होता. म्हणजे आपलंच कार्टं जगावेगळं आहे असं मानायचं कारण नाही. पुढे जे लिहितोय ते आम्ही केलेल्या आणि करायला उशीर झालेल्या गोष्टींवरून, आणि त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांसोबत बसून काढलेल्या मार्गांवरून.

आधी उलटा क्रम डोक्यात बसवा

आपण ज्या पद्धतीत वाढलो तिथे मार्कशीट आधी आणि प्रवेश नंतर. बारावीचा निकाल हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, यादीत नंबर लागला की संपलं. अमेरिकेत प्रवेश आधी मिळतो आणि मार्कशीट नंतर जाते. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत, निकाल डिसेंबर ते मार्चअखेर, पैसे भरून जागा नक्की करायची ती १ मेपर्यंत, आणि शाळेचा शेवटचा निकाल कॉलेजकडे पोचतो जून-जुलैत. मधले हे तीन महिने मुलाला मोकळे वाटतात आणि आईबापाला कळत नाहीत, कारण आपल्या अनुभवात असे तीन महिने कधी नव्हतेच.

जवळचं उदाहरण हवं असेल तर आयआयटीचं घ्या. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये रँक आला तरी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहेच. रँक आला म्हणून बारावीचा पेपर कोरा देऊन चालत नाही. इथलं पत्र जवळपास तसंच असतं, फक्त वर ‘काँग्रॅच्युलेशन्स’ मोठ्या अक्षरात असतं आणि अट बारीक.

ती बारीक अट शोधा

पहिलं काम हेच. प्रवेशाचं पत्र पुन्हा उघडा आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर अटींचं पान शोधा. खासगी कॉलेजांच्या पत्रात सहसा एकच वाक्य असतं: सिनियर वर्ष आतापर्यंतच्या दर्जाला साजेसं पूर्ण केलंत तर हा प्रवेश कायम. आकडा नसतो. म्हणजे ‘साजेसं’ म्हणजे किती हे ठरवायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलेला असतो. आकडा नाही म्हणजे अट नाही, असं मुलं वाचतात. तसं नाही.

सरकारी विद्यापीठं जास्त स्पष्ट बोलतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. अर्ज करताना ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेचं अधिकृत गुणपत्रक, मागतच नाहीत, ग्रेड विद्यार्थ्याने स्वतः भरायच्या आणि पडताळणी नंतर. त्यामुळे प्रवेश ‘प्रोव्हिजनल’ असतो आणि अटी करारासारख्या लिहिलेल्या असतात. साधारणपणे सिनियर वर्षात अवघड विषयांचं जादा वेटेज न धरता ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी), एकाही विषयात डी किंवा एफ नको, अर्जात लिहिलेले सगळे विषय पूर्ण करायचे, आणि काही बदललं तर कॅम्पसला आपणहून कळवायचं. शेवटचं ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, परीक्षांचे अधिकृत स्कोअर १५ जुलैपर्यंत. कॅम्पसनुसार मजकूर थोडा बदलतो, म्हणून तुमच्या मुलाच्या पोर्टलवर जे लिहिलंय तेच धरा. मंडळातल्या काकांनी सांगितलेलं धरू नका, माझंही नको.

ते पान छापा आणि फ्रिजवर लावा. आमच्याकडे ते दुधाच्या हिशेबाशेजारी होतं. मुलाला राग आला, पण वाचलं त्याने.

कोणता कागद कधी जातो

अर्ज गेल्यानंतर शाळेचे काउन्सेलर कॉलेजांना दोन वेळा मार्क पाठवतात. पहिल्यांदा जानेवारी-फेब्रुवारीत, ‘मिड-इयर रिपोर्ट’. जिथे जिथे अर्ज केलाय आणि जे मागतात त्या सगळ्यांना. डिसेंबरात अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला आधी बांधील अर्ज करून, निवड झालेल्या मुलांना वाटतं की आपण यातून सुटलो. ते सुटलेले नसतात, उलट त्यांच्याकडे घसरायला तीन महिने जास्त असतात. दुसऱ्यांदा जूनमध्ये शाळा संपल्यावर, ‘फायनल रिपोर्ट’. तो फक्त जिथे जाणार त्या कॉलेजला, आणि तिथे कोणीतरी माणूस तो खरोखर उघडून बघतो. बघत नसतील असं गृहीत धरून चालणाऱ्यांपैकी आम्हीही होतो.

एपीची, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांची, परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि स्कोअर जुलैच्या सुरुवातीला येतो. तो ट्रान्सक्रिप्टचा भाग नसतो. एपीत २ आले म्हणून प्रवेश गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण वर्गातली ग्रेड सी किंवा डी झाली की ती मात्र दिसते. मुलं नेमकं उलटं समजतात, परीक्षेसाठी जागतात आणि वर्गाचा गृहपाठ सोडून देतात.

घसरण किती, हे शांतपणे मोजा

इथे घाबरून उपयोग नाही आणि निर्धास्त राहूनही नाही. माझा अंदाज असा, आणि हा नियम नव्हे, अंदाजच आहे:

ए चे बी झाले, एकदोन विषयांत, तर कोणी काही म्हणत नाही. सगळीकडे ए होते आणि आता सगळीकडे बी, तर फार निवडक कॉलेज कदाचित विचारेल. एखादा सी आला तर पत्र येऊ शकतं, दोन-तीन आले तर पत्र येणार असं धरून चाला. डी किंवा एफ म्हणजे प्रवेश खरोखर धोक्यात. आणि तो मुख्य विषयात असेल, जिथे मुलाने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलाय आणि कॅल्क्युलसमध्ये डी आहे, तर जास्तच.

पण मार्कांपेक्षा मोठी चूक वेगळीच असते, आणि ती आपल्या घरांत सर्रास होते: विषय गुपचूप सोडणं. ‘एपी केमिस्ट्री जड जातंय, त्यापेक्षा साधा विषय घेतो, जीपीए तरी वाचेल.’ हिशेब बरोबर वाटतो. पण कॉलेजने निवड केली ती अर्जातली विषयांची यादी पाहून, आणि फायनल रिपोर्टमध्ये तो विषय गायब दिसला की तो सीपेक्षा वाईट दिसतो. विषय सोडायचाच असेल तर आधी कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारायचं, उत्तर आलं की मगच शाळेत अर्ज द्यायचा. पुष्कळदा ते हो म्हणतात. न विचारता केलेलंच त्यांना खटकतं.

दांडी मारणं आणि कॉपी करताना सापडणं हे याच रांगेत. मेमध्ये एखाद्या क्विझला उत्तर उतरवून मिळवलेल्या ए पेक्षा प्रामाणिक सी कितीतरी स्वस्त पडतो.

कारण विचारा, पण सगळ्यांसमोर नको

आम्ही पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर विचारलं. आजी पुण्याहून आलेली, धाकटी समोर, आणि मी हातात फोन घेऊन लाल अक्षरं वाचून दाखवतोय. त्यातून एक अक्षर बाहेर आलं नाही. तीन दिवसांनी गाडीत, कॉस्टकोहून येताना, तो आपणहून बोलला. गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे सोपं जातं.

कारणं साधारण तीन जातींची असतात. पहिली निव्वळ सैलपणा: चार वर्षं पळालो, आता पाय दुखतात. यावर उपाय वेळापत्रकाचा. दुसरी अडचण: संध्याकाळची नोकरी, घरी आजारपण, ब्रेकअप, किंवा रोबोटिक्सची स्पर्धा ज्यात मार्चचे तीन आठवडे गेले. यावर उपाय म्हणजे एखादी गोष्ट कमी करणं आणि शाळेला सांगणं. तिसरी जात ओळखायला अवघड: झोप उडालेली, जेवण कमी झालेलं, मित्रांना टाळणं, आवडत्या गोष्टीतही रस नाही. तिथे ‘जरा मन लाव’ हे वाक्य गिळून टाका आणि डॉक्टरांकडे जा. शाळेच्या काउन्सेलरला सांगा. स्वतःला इजा करण्याचं नुसतं बोलला तरी ९८८ हा नंबर देशभर चालतो, फोन करा किंवा मेसेज. आपल्याकडे हे बाहेर सांगायची लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहितो: कॉलेजला पुढे खुलासा द्यायची वेळ आली तर डॉक्टरांच्या आणि काउन्सेलरच्या नोंदी उपयोगी पडतात, आणि त्या जुलैत मागे जाऊन तयार करता येत नाहीत.

एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. मुलगा १८ वर्षांचा झाला की फर्पा कायद्याने त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क त्याच्याकडे जातो. तुम्ही त्याला करसवलतीत अवलंबून दाखवत असाल तर शाळा तुम्हाला दाखवू शकते, पण कॉलेजचं ॲडमिशन ऑफिस तुमच्याशी बोलायला बांधील नाही आणि सहसा बोलतही नाही. म्हणजे पुढची सगळी पत्रं, सगळे फोन त्याचे. तुम्ही शेजारी बसायचं.

कॅल्क्युलेटर काढा

ही पायरी आमच्या घरी सगळ्यात जास्त कामाला आली. ‘अभ्यास कर’ याला मुलाकडे उत्तर नव्हतं, आकड्याला होतं.

शाळेची मोजण्याची पद्धत विचारून घ्या. आमच्याकडे चार मार्किंग पिरियड, प्रत्येकाला २२.५ टक्के, आणि अंतिम परीक्षेला १० टक्के वजन. फिजिक्समध्ये पहिल्या पिरियडला ९१, दुसऱ्याला ८४, तिसऱ्याला ६६. या तिघांचे मिळून २०.४७५, १८.९ आणि १४.८५, म्हणजे ५४.२२५ जमा झाले. उरलेलं वजन ३२.५ टक्के. आता वर्षाअखेर ८३, म्हणजे बी, हवा असेल तर उरलेल्यात सरासरी ८८.५ लागणार. ८०, म्हणजे बी-मायनस, साठी ७९.३. आणि ७३, म्हणजे सी, टिकवायला ५७.८ पुरे.

हे तीन आकडे पाठकोऱ्या पाकिटावर लिहिल्यावर मुलाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्याला वाटत होतं की सगळं गेलंय, म्हणून तो हात लावत नव्हता. प्रत्यक्षात सी तर हातात होता आणि बी-मायनस आवाक्यात.

सावधान: ही गणितं न्यू जर्सीसारख्या वर्षभराची एकच ग्रेड देणाऱ्या शाळांची. कॅलिफोर्नियात आणि इतर अनेक ठिकाणी प्रत्येक सेमिस्टरची ग्रेड स्वतंत्र लागते. तिथे पहिल्या सेमिस्टरचा ए दुसऱ्याच्या डीला वाचवत नाही. तिथे जानेवारीत पाटी कोरी होते, आणि फेब्रुवारीत केलेली ढिलाई मेमध्ये लपवायला जागा नसते.

मग अकरा ‘मिसिंग’ची यादी केली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: किती गुणांचं, अजून घेतील का, किती वेळ लागेल. चार पिरियड बंद झाल्यामुळे मेलेलेच होते, ते खोडले. उरलेल्या सातांत दोन लॅब रिपोर्ट होते, त्या दोघांचंच वजन बाकी पाचांपेक्षा जास्त. तिथून सुरुवात. सगळ्यात सोप्यापासून सुरू करायचा मोह होतो, तो टाळा.

शिक्षकांकडे जाणं

मुलानेच जायचं, शक्यतो समोर, शाळा सुटल्यावर. मार्क मागायचे नाहीत. ‘माझं काम राहिलंय, मला उशिराचे गुण कापून का होईना ते द्यायचंय, आणि पुढच्या टेस्टआधी दोन वेळा मदतीला येऊ का?’ एवढंच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांपुढे अशी पोरं रांगेत उभी असतात. एप्रिलमध्ये आलेला एकटा असतो.

आईबापांनी शिक्षकांना लांबलचक ईमेल लिहू नयेत. मी लिहिलेली एक अजून ड्राफ्टमध्ये पडलीय, पाठवली नाही हेच बरं.

कॉलेजला आपणहून सांगायचं का?

यावर घरात सगळ्यात जास्त वाद होतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांनी विचारलं तर बघू.’ मी म्हणतो, परिस्थिती बघा. ए चा बी होणार असेल तर गप्प बसा, उगाच त्यांचं लक्ष वेधू नका. पण डी किंवा एफ होऊ शकतो असं दिसत असेल, अटीतला जीपीए तुटणार असेल, विषय सोडलाय किंवा बदललाय, तर आत्ता कळवा. यूसीसारख्या ठिकाणी ते कळवणं ही अटच आहे. न कळवल्यास तो वेगळा अटभंग होतो, म्हणजे एका चुकीच्या दोन चुका.

ईमेल मुलाच्या पत्त्यावरून, इंग्रजीतच जाणार, पण सांगाडा मराठीत ठरवून घ्या. पहिल्या ओळीत नाव, अर्ज क्रमांक, कोणत्या शाखेत प्रवेश. दुसऱ्यात सरळ बातमी: अमुक विषयात माझी ग्रेड अशी आहे आणि वर्षाअखेर अशी होण्याची शक्यता आहे. मग कारण, दोन वाक्यांत. मग आत्ता काय करतोय, तारखांसकट. शेवटी प्रश्न: यापुढे तुम्हाला माझ्याकडून काय हवं? बस. एकशे पन्नास शब्दांच्या वर गेलात तर कुठेतरी रडगाणं सुरू झालंय.

आमच्याकडच्या ईमेलला सहा दिवसांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, सगळ्या विषयांत सी किंवा त्याहून वर अपेक्षित आहे, अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाहून निर्णय होईल. गोड काही नव्हतं त्यात. पण मुलाला पहिल्यांदा कॉलेजकडून एक ठोस अट मिळाली.

जुलैतलं पत्र

बऱ्याच घरांना हे सगळं कळतं ते जुलैत, जेव्हा कॉलेजचं पत्र येतं. आधीच्या टप्प्यात असाल तर इथला भाग वाचून ठेवा, लागू नये.

पत्र तीन प्रकारचं असतं. एक, ताकीद: आम्ही पाहिलं, कॉलेजात लक्ष ठेवू, कधी पहिल्याच सेमिस्टरपासून प्रोबेशन. दोन, खुलासा मागणारं: घसरण का झाली ते लिहून द्या. तीन, प्रवेश मागे घेतल्याचं, ज्याला इथे ‘रिसिंड’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसात ‘फियर ऑफ गॉड’ पत्रं असं नाव पडलं होतं. नावावरून हेतू कळतोच. अशी पत्रं आलेली बहुतेक मुलं नीट उत्तर देऊन वाचतात, म्हणून उत्तरावर मेहनत घ्या.

मुदत छोटी असते, कधी दहा दिवस, कधी दोन आठवडे. आणि आपल्या घरांची खास अडचण अशी की जुलैत आपण भारतात असतो. शाळा सुटली, ग्रॅज्युएशन पार्टी झाली, सामोसे संपले, आणि कुटुंब निघालं मुंबईच्या विमानाने. पत्र मात्र मुलाच्या त्या ईमेलवर येतं जो तो सुट्टीत बघत नाही. म्हणून निघण्याआधी ठरवा: पोर्टल आणि ईमेल दर दोन दिवसांनी कोण बघणार, आणि फोनवर दुहेरी पडताळणीचा कोड अमेरिकेच्या नंबरवर येत असेल तर तो नंबर भारतात चालू राहील ना. हसू नका, एका घरी पाच दिवस या कोडमध्येच गेले.

ओळखीतल्या एका मुलीला असं पत्र आलं होतं. स्टॅटिस्टिक्समध्ये सी आणि इंग्रजीत डी. तिचा पहिला मसुदा मी वाचला. “वैयक्तिक अडचणींमुळे माझं लक्ष विचलित झालं, तरी मला शिक्षणाविषयी तीव्र ओढ आहे आणि या संधीचं मी सोनं करीन.” चॅटजीपीटीचा वास येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात एकही गोष्ट नव्हती. मी विचारलं, खरं काय झालं? खरं असं: तिची आई फेब्रुवारीपासून आजारी, धाकट्या भावाला शाळेतून आणणं तिच्यावर, आणि इंग्रजीचा शेवटचा शोधनिबंध तिने सुरूच केला नव्हता कारण उशीर झाल्याची लाज वाटत होती. शेवटचं पत्र या तीन गोष्टींचं झालं. शोधनिबंध न दिल्याचा दोष तिने स्वतःकडे घेतला, आईच्या आजारावर ढकलला नाही. काउन्सेलरचं एक पान जोडलं. उन्हाळ्यात तोच इंग्रजीचा कोर्स कम्युनिटी कॉलेजात करू का, असं विचारलं. होकार आला. प्रवेश वाचला, पहिल्या सेमिस्टरला प्रोबेशनसकट.

इथे क्रम महत्त्वाचा. उन्हाळी कोर्स करून डी भरून काढण्याआधी कॉलेजला विचारा की कोणता कोर्स, कुठला, कधीपर्यंत चालेल. पैसे भरून, सहा आठवडे घालवून नंतर ‘हा आम्ही मानत नाही’ असं उत्तर आलेली उदाहरणं आहेत.

खुलाशात शिक्षकांवर राग काढू नका, आणि पत्रावर आईबापाची सही नको.

प्रवेश गेलाच तर

पत्रात अपीलाचा मार्ग दिलेला असतो, मुदतीत अपील करा. अपिलात नवीन माहिती लागते. तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगितल्याने काही होत नाही. काही कॉलेजं वर्षभर थांबून यायला सांगतात. तसं विचारायला हरकत नाही.

बरोबरीने दुसरी वाट उघडून ठेवा. मेपासून नॅकॅक ही ॲडमिशनवाल्यांची संघटना अजून जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी काढते, तिच्यात नावाजलेली नावंही सापडतात. आणि कम्युनिटी कॉलेज. आपल्या लोकांत या शब्दावर नाक मुरडलं जातं, ‘मुलगा कम्युनिटीला जातो’ हे मंडळात हळू आवाजात सांगितलं जातं. पण कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा आणि सॅन्टा क्रूझ या सहा यूसी कॅम्पसपैकी एका ठिकाणी हमीचा प्रवेश मिळवता येतो. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी सरकारी विद्यापीठांत पूर्ण क्रेडिटसह धरली जाते. पदवीवर शेवटी विद्यापीठाचंच नाव येतं, आणि दोन वर्षांची फी वाचते ती वेगळी.

पैसे

प्रवेश राहिला तरी शिष्यवृत्ती जाऊ शकते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. फ्लोरिडाच्या ब्राइट फ्युचर्समध्ये वरच्या पातळीला वेटेड जीपीए ३.५ आणि खालच्या पातळीला ३.० लागतो. जॉर्जियाच्या होपला ३.० आणि झेल मिलरला ३.७. काठावर असलेल्या मुलाचा एकच सी त्याला खालच्या रकान्यात टाकतो. कॉलेजने स्वतः दिलेल्या मेरिटच्या पत्रातही अट असते. तीही फ्रिजवर लावा.

शेवटचा कागद पोचला का ते बघा

२०१७ साली यूसी अर्व्हाइनने उन्हाळ्यात सुमारे ५०० मुलांचे प्रवेश मागे घेतले. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा सुमारे ८०० जास्त मुलांनी जागा नक्की केल्या होत्या, आणि एरवी ज्या गोष्टीकडे काणाडोळा झाला असता ती गोष्ट कडकपणे तपासली गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे मार्क ठीक होते, ट्रान्सक्रिप्ट वेळेत पोचलं नव्हतं किंवा पोचूनही नोंदलं गेलं नव्हतं. गदारोळ झाला, चॅन्सेलर हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागितली आणि कागदपत्रांच्या कारणावरून काढलेल्यांना परत घेतलं. ज्यांचे मार्कच अटीखाली गेले होते त्यांना ती सवलत नव्हती.

म्हणून शाळेचं ऑफिस उन्हाळ्यासाठी बंद होण्याआधी, जूनमधल्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, काउन्सेलरकडून दोन गोष्टी विचारून घ्या: फायनल ट्रान्सक्रिप्ट कोणत्या तारखेला जाईल, आणि नाही पोचलं तर जुलैत कोणाला फोन करायचा. मग कॉलेजच्या पोर्टलवर ते ‘मिळाले’ असं दिसेपर्यंत बघत राहा. शाळेने पाठवलं म्हणजे कॉलेजने नोंदवलं असं नाही.

आमच्या फिजिक्सचे शेवटी ७८.५ झाले. सी-प्लस. बी-मायनस दीड गुणांनी हुकला, आणि तो दीड गुण त्या चार मेलेल्या असाइनमेंटमध्ये होता हे मुलानेच शोधून काढलं. ८ जुलैला आम्ही नाशिकला होतो. रात्री साडेबाराला, सगळे गच्चीवर गाद्या टाकून पडलेले असताना, त्याने फोन माझ्यापुढे धरला. पोर्टलवर हिरवी खूण आणि खाली एक ओळ, अंतिम ट्रान्सक्रिप्ट तपासून झाले. आजी जागीच होती.

“म्हणजे आता खरंच लागला का नंबर?”

“हो,” तो म्हणाला, “आता लागला.”